फोन लागला पाहिजे

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी व्हिसा, तिकिटं, डिंकाचे लाडू आणि थंडीचे कपडे होते. फोनचा विषय मी काढला. "अगं आई, तुझा फोन नवाच तर आहे," लेक म्हणाली. नवा होता हे खरं. कॅमेरा चांगला होता, बॅटरी दिवसभर पुरायची, पुण्यात कुठेही रेंज यायची. पण मी नोकरीची सगळी वर्षं पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली आहेत. फोन चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते. ज्या माणसाशी बोलायचं आहे त्याला तो लागतो का, आणि त्याचा आपल्याला लागतो का.

बोर्डावर बसलेल्या बाईला ही सवय लागतेच. समोर जॅकच्या रांगा, हातात कॉर्डच्या जोड्या, कानाला हेडसेट, पुढ्यात पेन्सिलीनं लिहिलेली तिकिटं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार असत. लाइटनिंग कॉल आला की आम्ही एकमेकींकडे बघायचो, कारण एवढे पैसे मोजून माणूस बहुधा वाईट बातमीच कळवत असे. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं की मगच हात मोकळा झाल्यासारखा वाटायचा. परदेशचे कॉल मुंबईमार्गे जायचे. जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७१ साली उपग्रहाचं भूकेंद्र सुरू झालं होतं. नारायणगावाजवळच्या त्या माळावरच्या तबकडीतून आपल्या माणसांचा आवाज समुद्रापार जातो, याचं आम्हा मुलींना फार अप्रूप होतं. त्या काळी कॉल लावून देणं ही आमची जबाबदारी होती, गिऱ्हाइकाची नव्हे. आता ती फोन विकत घेणाऱ्याच्या गळ्यात आली आहे आणि ती आली आहे, हे त्याला कोणी सांगतसुद्धा नाही.

लेक-जावई इंडियाना राज्यात कोलंबस नावाच्या गावात राहतात. कमिन्सचं मुख्यालय तिथे असल्यामुळे पुण्याच्या माणसांना हे गाव परकं नाही. सारिनेन यांचं चर्च, आय. एम. पे यांनी आखलेलं वाचनालय अशा इमारती बघायला तिथे लांबून लोक येतात. पण गाव लहान. इंडियानापोलिस उत्तरेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, मधे मक्याची सपाट शेतं, आणि पश्चिमेला ब्राउन काउंटीचं डोंगराळ जंगल. "अमेरिकेत चालेल असा फोन" असं म्हणून मी थांबणार नव्हते. मला कोलंबसमध्ये, लेकीच्या घरात, रात्री-अपरात्री चालेल असा फोन हवा होता. लेक दवाखान्यात असताना थोरल्या नातवाजवळ आम्ही दोघंच असणार होतो.

मोबाइल हा मुळात रेडिओ आहे. टॉवर ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, ती फोनला ऐकू आली तरच पुढचं सगळं. या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांना बँड म्हणतात आणि त्या प्रत्येक देशानं आपापल्या इतिहासाप्रमाणे वाटल्या आहेत. युरोपानं जीएसएमसाठी आधी ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा धरला, मग १८००चा. आपल्याकडे १९९५ साली मोबाइल आला तो त्याच वाटेनं. अमेरिकेत ८५०च्या पट्ट्यावर १९८३पासूनच जुने अ‍ॅनालॉग फोन चालत होते, पुढे १९००ची भर पडली. जपाननं तर जीएसएम घेतलंच नाही, आपली वेगळी पद्धत उभी केली. माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ त्या काळात नोकिया ११०० खिशात घालून न्यूयॉर्कला उतरला होता. आपल्याकडे रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या हातात असलेला, पडला तरी न मोडणारा, टॉर्चवाला तो फोन. पण इथे विकला जाणारा ९०० आणि १८००वर चालायचा आणि अमेरिकेसाठी त्याच फोनची ८५० आणि १९००वाली वेगळी आवृत्ती होती. बिचाऱ्याच्या हातात तिथे नुसती टॉर्च उरली.

माझं माहेर मिरजेचं. आमच्या लहानपणी मिरजेच्या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांवरच्या गाड्या बघायला मिळायच्या. हुबळीकडून येणारं इंजिन कितीही दणकट असो, पुण्याच्या रुळांवर ते चढू शकत नसे. प्रवाशांनी सामान उतरवायचं आणि फलाट बदलायचा. फोनच्या बँडचं तसंच आहे.

आजचे फोर जीचे फोन पाहिले तर वाटतं की हा प्रश्न संपला. संपलेला नाही, तो बारीक अक्षरांत गेला आहे. फोर जीच्या बँडना आता आकडे दिलेले आहेत. आपल्याकडच्या कंपन्या मुख्यतः १, ३, ५, ८, ४० आणि ४१ वापरतात. भारतातच विकायच्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या फोनमध्ये कंपनी तेवढेच बसवते, कारण प्रत्येक जादा बँडला खर्च आहे आणि इथे राहणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. त्यात गैर काही नाही. अमेरिकेत मात्र २, ४ आणि ६६ यांच्यावर शहरातली गर्दी चालते, आणि लांबच्या पल्ल्यासाठी कुठल्या कंपनीचा १२ किंवा १७, कुठल्या कंपनीचा १३, तर कुठल्या कंपनीचा ७१ असतो. हे शेवटचे चार बँड ६०० ते ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे आहेत. फ्रिक्वेन्सी जितकी खालची, तितकी ती लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. शिकागोच्या रस्त्यावर हे बँड नसले तरी चालून जाईल. मक्याच्या शेतांत, तळघरात, जंगलाच्या कडेला त्यांच्यावाचून फोन आंधळा होतो.

मी फोनवर *#०६# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख-क्रमांक, काढला, सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल नंबर उतरवून घेतला आणि कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या बँडची यादी पाहिली. १२ नाही, १३ नाही, १७ नाही, ६६ नाही. जावयाला फोन करून त्यांच्या नेटवर्कच्या साइटवर तोच आयएमईआय टाकायला सांगितला. परदेशातून आणलेला फोन आपल्या नेटवर्कवर चालेल का हे तिथल्या कंपन्या आयएमईआयवरून तपासून देतात. ही सोय फार चांगली आहे आणि अमेरिकेला निघालेल्या प्रत्येकानं घर सोडण्याआधी ती वापरावी. उत्तर आलं, हा फोन चालणार नाही.

दुसरं कारण बँडपेक्षाही महत्त्वाचं होतं. आपल्याकडे अजून टू जी जिवंत आहे. बऱ्याच कंपन्यांच्या फोनवर इंटरनेट फोर जीनं चालू असतं, पण साधा कॉल लावला की गरज पडेल तसा फोन गुपचूप जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि बोलणं होतं. आपल्याला हे कळतही नाही. अमेरिकेत हा जिना काढून टाकला आहे. तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ सालात थ्री जी बंद केलं. त्यामुळे साधा आवाजाचा कॉलसुद्धा मुख्यतः फोर जीवरून, म्हणजे व्होल्टीनं जातो. जिओ २०१६ साली आलं तेव्हापासून व्होल्टी आपल्या ओळखीचं आहे, पण भारतातल्या कंपनीबरोबर फोनचं व्होल्टी चालतं म्हणून ते अमेरिकेतल्या कंपनीबरोबर चालेलच असं नाही. फोन बनवणाऱ्यानं त्या त्या नेटवर्कसाठी तशी तजवीज सॉफ्टवेअरमध्ये केलेली असावी लागते. ती नसेल तर स्क्रीनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, नकाशा चालतो, आणि नंबर लावला की कॉल जात नाही. मला यात सगळ्यात भीती वाटते ती ९११ची, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबराची. रेंज दिसते म्हणून माणूस निश्चिंत राहतो.

हे सगळं वहीत लिहून मी बुधवार पेठेत गेले. पासोड्या विठोबाच्या आसपास मोबाइलची दुकानं दाटीनं आहेत. तिथल्या मुलांना फोनबद्दल खूप कळतं, असा माझा अनुभव आहे. काउंटरवरचा मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "काकू, फाइव्ह जी आहे, जगात कुठंही चालतो." मी वही पुढे केली आणि म्हटलं, "मला या आकड्यांपैकी कुठले यात आहेत ते सांग." त्यानं वही नीट वाचली. मग त्यानं खोकं काढून मागच्या बाजूचा मॉडेल नंबर दाखवला आणि आम्ही दोघांनी त्याच्या लॅपटॉपवर एकेक फोन तपासायला घेतला. एकाच नावाच्या फोनची भारतासाठी वेगळी, युरोपासाठी वेगळी, अमेरिकेसाठी वेगळी आवृत्ती असते, नाव तेच, खोकं तेच, फक्त मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षर किंवा आकडा बदललेला. तो म्हणाला, "काकू, चार वर्षं फोन विकतोय, हे कोणी विचारलं नव्हतं." एका खोक्यावर त्यानंच मला एक बारीक मजकूर दाखवला. हा फोन आधी भारतातल्या सिमवर निदान पाच मिनिटं बोलण्यासाठी वापरावा, त्यानंतरच तो दुसऱ्या प्रदेशाच्या सिमला उघडेल. अमेरिकेतल्या मुलासाठी इथून सीलबंद फोन भेट म्हणून नेणाऱ्यांनी हे वाचलेलं बरं.

शेवटी आयफोन १३ घेतला. तो तेव्हा नव्यातला नव्हता, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास किंमत बरीच उतरली होती. भारतात विकल्या जाणाऱ्या त्या मॉडेलमध्ये २, ४, १२, १३, १७, ६६ हे सगळे बँड आहेत. ७१ नाही, पण लेकीच्या नेटवर्कची भिस्त ७१वर नव्हती. आयएमईआय टाकला, कंपनीनं होकार दिला. पेन्शनीतून एवढा खर्च करताना मी पुन्हा पुन्हा हिशेब केला. कॅमेऱ्यासाठी किंवा नावासाठी मी तो केला नसता. भारतात घेतलेला, सगळीकडे बोलू शकणारा आणि मला परवडेल असा त्यापेक्षा दुसरा फोन त्या दिवशी दुकानात सापडला नाही.

"इथूनच घेऊन देते की, स्वस्त पडेल," असं लेक म्हणत होती. मी नको म्हटलं आणि त्याची कारणं इतरांनाही सांगते. तिथे कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला फोन बहुधा हप्ते फिटेपर्यंत त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. आणि २०२२ साली आलेल्या आयफोन १४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा ट्रेच नसतो, सगळा कारभार फोनमध्येच बसवलेल्या ई-सिमवर. तरुणांना त्याची अडचण वाटत नाही. पण माझा पुण्याचा नंबर बँकेला, आधारला, पेन्शनच्या खात्याला जोडलेला आहे, आणि तो नंबर एका प्लॅस्टिकच्या तुकड्यावर आहे, ही माझ्या दृष्टीनं मोठी सोय आहे. फोन पडून फुटला तर पिनेनं ट्रे काढायचा, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालायचं, काम चालू. ई-सिम दुसऱ्या फोनवर न्यायचं तर कंपनीला मेसेज, त्याचा ओटीपी, कधी गॅलरीत फेरी, आणि हे सगळं सातासमुद्रापलीकडून. म्हणून मी पुण्याचं सिम ट्रेमध्येच ठेवलं आणि अमेरिकेचा नंबर ई-सिमवर घेतला. फोन निवडताना या दोन्ही जागा त्यात असाव्यात, एवढी अट तरी प्रत्येकानं ठेवावी.

ह्यांनी मात्र आपला जुनाच फोन न्यायचं ठरवलं. "व्हॉट्सअ‍ॅप चाललं की झालं, बोलायचं कोणाशी आहे?" असं त्यांचं म्हणणं. निघण्याआधी पुण्यातच अमेरिकेचं एक सिम विकत मिळालं. विकणाऱ्यानं फोन न बघताच ते चालेल असं सांगितलं.

निघण्याच्या आधीची तयारी थोडक्यात सांगते. पुण्याच्या नंबरावर इंटरनॅशनल रोमिंग इथे असतानाच सुरू करून घेतलं, कारण काही प्लॅनमध्ये ते बाहेर गेल्यावर सुरू करणं जिकिरीचं होतं. त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवलं. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, उचललेल्या कॉलला मात्र पडतात, म्हणून सगळ्या नातेवाइकांना या नंबरावर फोन करू नका म्हणून बजावलं. रिचार्ज परतीच्या तारखेच्या पुढपर्यंत केला. नव्वद दिवस काहीच वापर नसलेलं प्रीपेड सिम कंपनी बंद करू शकते, तेव्हा मधूनमधून एखादा एसएमएस पाठवायचा हेही वहीत लिहिलं. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असलं की वेगळा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त चपट्या पिनांचा जोड लागतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सामानात नाही.

आणि फोन मी निघण्याच्या बऱ्याच आधी हातात घेतला. नव्या फोनवर मराठी कीबोर्ड कुठे, दोन सिमांपैकी कॉल कुठून जातो, आलेला कॉल कुठल्या नंबरावर आला ते कसं ओळखायचं, हे आपल्या स्वयंपाकघरात बसून शिकावं. शिकागोच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत ते शिकायची वेळ येऊ नये.

कोलंबसला पोचल्यावर पहिल्या आठवड्यात ह्यांचंच खरं ठरतंय असं वाटलं. घरात वायफाय होतं, त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप धडाडून चालत होतं, पुण्याला रोज व्हिडिओवर गप्पा. माझ्या फोनला ८१२नं सुरू होणारा तिथला नंबर मिळाला होता. तो मी नातवाच्या शाळेत, बालरोगतज्ज्ञांकडे आणि औषधाच्या दुकानात लिहून दिला. तिथे एक गोष्ट लगेच लक्षात आली. तिकडची सगळी व्यवस्था अजून साध्या कॉलवर आणि साध्या एसएमएसवर चालते. दवाखाना व्हॉट्सअ‍ॅप करत नाही. औषध तयार झालं की दुकानातून मशीनचा फोन येतो. शाळा हिमवर्षावामुळे उशिरा उघडणार असली की पहाटे मेसेज येतो. बाहेरगावच्या लोकांना विकली जाणारी कितीतरी ई-सिम फक्त इंटरनेटची असतात. त्यांना स्वतःचा नंबरच नसतो, त्यामुळे असा कॉल घेणार कशावर? चार दिवस फिरून परत यायचं असेल तर ती पुरतात. घर सांभाळायला जाणाऱ्या आईबापांना पुरत नाहीत.

बाळ झालं, मुलगी झाली. लेक आणि जावई दवाखान्यात असतानाच एका रात्री गोठणारा पाऊस पडला. झाडाच्या फांद्यांवर, तारांवर बर्फाचं कवच चढतं आणि त्या वजनानं तारा तुटतात. वीज गेली. वीज गेली तशी वायफायची पेटीही गेली. आम्हाला दिलेली खोली तळघरात होती. नातू आमच्याजवळ झोपला होता आणि त्याचं अंग चांगलंच तापलं होतं. ह्यांच्या फोनवर तळघरात रेंज शून्य. ते वर स्वयंपाकघरात खिडकीशी गेले तेव्हा काड्या दिसल्या, इंटरनेटही सुरू झालं. त्यांनी बालरोगतज्ज्ञांचा नंबर लावला. एक सेकंद स्क्रीन तशीच राहिली आणि कॉल तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बँडही कमी आणि व्होल्टीही नाही, दोन्ही दुखणी एकाच फोनमध्ये समोर उभी राहिली.

माझ्या फोनला तळघरात दोन काड्या होत्या. मी नातवाच्या उशाशी बसूनच नंबर लावला. रात्री दवाखाना बंद असतो, फोन उत्तर-सेवेकडे जातो. पलीकडच्या बाईंनी मुलाचं नाव, जन्मतारीख, ताप किती, आणि नर्सनं उलट फोन कुठल्या नंबरावर करायचा हे विचारलं. मी जन्मतारीख त्यांच्या पद्धतीनं महिना आधी धरून सांगितली आणि आपला ८१२चा नंबर दोन-दोन आकडे तोडून म्हटला. आकडे तसे म्हणायची सवय बोर्डावरची, ती जन्मभर जात नाही. बाईंनी तो मला परत वाचून दाखवला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार आपलेपणा वाटला, त्याही माझ्याच पेशातल्या होत्या. थोड्या वेळात फोन वाजला. नर्सनं शांतपणे मुलाचं वजन विचारलं, औषध किती मिली द्यायचं ते सांगितलं, श्वास कसा चालला आहे ते फोन छातीजवळ धरून ऐकवायला लावलं, आणि कुठली लक्षणं दिसली तर थेट ९११ लावायचा ते एकेक करून सांगितलं. ह्यांनी टॉर्च धरून ते सगळं वहीत उतरवून घेतलं. तशी वेळ आली नाही. सकाळपर्यंत ताप उतरला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी आपण होऊन जावयाला सांगितलं की माझ्यासाठीही एक फोन बघा. जावयानं कपाटातला स्वतःचा जुना फोन काढून दिला. तो तिथलाच होता, त्यात सगळे बँड होते आणि तो कंपनीकडून केव्हाच मोकळा झालेला होता. परदेशी असलेल्या मुलांच्या घरात असे सुटे फोन खणात पडलेले असतात. आईवडील येणार असतील तेव्हा त्यातला एक काढून, चार्ज करून, त्यात आपले नंबर भरून तयार ठेवणं ही नव्या स्वेटरइतकीच उपयोगाची भेट आहे.

पुण्याच्या सिमनंही आपलं काम केलं. मुदत ठेव संपत होती, तिचं नूतनीकरण करताना बँकेचा ओटीपी इंडियानातल्या त्या बर्फात व्यवस्थित येऊन पडला.

परत आल्यावर सोसायटीतली माणसं विचारायला येऊ लागली. खालच्या मजल्यावरचं जोडपं जपानला चेरी ब्लॉसम बघायला निघालं होतं. मी त्यांना सांगितलं की आयफोन असेल तर सुइका हे तिथल्या रेल्वेचं कार्ड फोनमध्येच घालता येतं. आयफोन ८पासून पुढचे फोन कुठल्याही देशात घेतलेले असले तरी जपानच्या स्टेशनातल्या फाटकाला समजतात. जपानबाहेर विकलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनना ते समजत नाहीत, तेव्हा तो असेल तर प्लॅस्टिकचं कार्ड घ्या. एक ओळखीचे व्यापारी चीनला जातात. तिथे व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल बंद असतं. त्यांना भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग घ्यायला सुचवलं, कारण रोमिंगचा डेटा आधी आपल्या घरच्या नेटवर्कवर येऊन मग पुढे जातो, त्यामुळे तिथली बंदी त्याला आडवी येत नाही. कॉल कुठल्या रस्त्यानं जातो हे बघायची माझी जुनी आवड इतक्या वर्षांनी अशी लोकांच्या कामी येते आहे.

सध्या माझी धाकटी जाऊ मेलबर्नला मुलाकडे जायच्या तयारीत आहे आणि तिच्या फोननं मला काळजीत टाकलं आहे. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४पासून थ्री जी बंद करायला घेतलं, व्होडाफोननं त्याआधीच केलं होतं. तेव्हा तिथे असं आढळलं की काही फोन साधे कॉल फोर जीवरून लावतात, पण ०००, म्हणजे त्यांचा आणीबाणीचा नंबर, लावला की थ्री जी शोधत बसतात. रोजचं बोलणं सुरळीत असल्यामुळे मालकाला याचा पत्ताच नसतो. म्हणून सरकारनं कंपन्यांना बंधन घातलं की ज्या फोनवरून ०००ला फोर जीवरून कॉल जात नाही, त्यांना आपल्या नेटवर्कवर घ्यायचंच नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. लोकांची गैरसोय झाली, चालते फोन टाकून द्यावे लागले, पण संकटात लागणार नाही असा फोन जवळ बाळगण्यापेक्षा ती बरी.

जावेचा मॉडेल नंबर मी पुतण्याला कळवला होता. त्याच्या मोबाइल कंपनीकडून काल उत्तर आलं, तिचा फोन तिथे घेणार नाहीत. शनिवारी आम्ही दोघी बुधवार पेठेत जातो आहोत. तिचं तिकीट पुढच्या महिन्याचं आहे, म्हणजे नव्या फोनवर तिला आपल्या ओट्याशी उभं राहून कॉल लावायला, घ्यायला आणि सिम बदलायला शिकवायला मला पुरेसे दिवस मिळतील.